पुसलेल्या सुरकुत्या

चि. धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? माझा तर बोलत नाही, नुसता कोकलतो. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, खोकला अंगावर काढू नकोस. माझी दाढ काल उपटली, गाल फुगून बसलाय, बोलता येत नाही, म्हणून हे लिहिणं.

आपली नात माझं चित्र काढते आहे. साध्या शिसपेन्सिलीने. दाराएवढा कागद आणि त्यावर एकटी मी, गळ्यापासून वर. सात महिने झाले. (तूही सात महिन्यांचीच जन्मलीस, पण निदान रंगासकट.) मी रोज विचारायची, रंग कधी भरणार? ती म्हणायची, भरायचाच नाही, हे असंच पुरं आहे. मला वाटलं, आळस. प्रदर्शनवाल्यालाही तसंच वाटलं, कच्चं काम काय आणलंस म्हणाला. पोरगी तीनदा जाऊन भांडली, तेव्हा कुठे त्याने नुसत्या पेन्सिलीच्या चित्रांना एक भिंत दिली, पहिल्यांदाच. पंधरा दिवसांनी लागायचंय. मधोमध मी.

परवा ती आंघोळीला गेली आणि मी कागदासमोर उभी राहिले. अगं, एकेक सुरकुती मोजून घेतलीय. आरशानेसुद्धा मला इतकं निरखलं नव्हतं. रंग असता तर वरून एक हात फिरवून झाकता आलं असतं, इथे लपायला जागाच नाही, रेघ आणि कागद. खोडरबर शेजारीच होतं. गळ्याच्या दोन पुसल्या. मग बाकीच्या विचित्र दिसू लागल्या म्हणून त्याही. शेवटी डावीकडून मी तिशीची, उजवीकडून सत्त्याहत्तरची.

पोरगी ओरडली नाही. बघत बसली. रबर कुणी हलवलं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मला काय ठाऊक.

तुझी,
थोरली

ता. क. खरं काम हे. पुसलेलं पुन्हा काढायला मीच बसले असते, पण दाढेची सूज गळ्यापर्यंत पसरून सगळ्या सुरकुत्या ताणून गेल्यात. तुझा गळा अगदी माझ्यासारखा. चार दिवस येऊन तिच्यापुढे बस. पावडर लावू नकोस.

ता. क. दुसरा. तोंडाने कबूल करवेना, म्हणून हेच पत्र तिच्यापुढे धरलं. म्हणाली, "आजी, तुझ्या मांडीवर रबराचा चुरा होता. तू कधी सांगतेस, वाट बघत होते." आणि धाकट्या आजीचा गळा चालायचा नाही म्हणे, भिंत रिकामी राहिली तरी चालेल. तेव्हा येऊ नकोस. सूज उतरवायचं काही औषध ठाऊक असेल तर फोन कर, ऐकू येतं मला. माझ्या सुरकुत्या मला लवकर परत हव्यात.