केटल क्रीकचा घरचा सामना

१४ एप्रिल, सोमवार
लूमिससाहेबांनी केबिनमध्ये बोलावून डिसेंबरच्या सामन्यांची आखणी माझ्या हाती दिली. आमच्या प्रेअरी कॉन्फरन्सची, म्हणजे इथल्या कॉलेजांच्या क्रीडासंघटनेची, दहा कॉलेजं, दक्षिणेतल्या गल्फ कॉन्फरन्सची दहा. मुलींच्या बास्केटबॉलचे दहा सामने, पाच आमच्याकडे, पाच त्यांच्याकडे. आमच्यातलं कोण कोणाशी आणि कोणाच्या कोर्टवर खेळणार, हे यापुढे मी ठरवणार. आधीचा माणूस प्रकृतीसाठी फ्लोरिडाला गेला. कोचेसचे फोन घेऊन घेऊन गेला, असं ऑफिसात म्हणतात.
माझं तसं होणार नाही. मला कणा आहे. डॉक्टरांनी एक्स-रेत पाहिलाय.
संकल्प: कोणाचा फोन नाही. कोणाकडे खाणं नाही. फक्त न्याय.

१५ एप्रिल, सकाळी ६.१०
नियम तयार. जो संघ गेल्या वर्षी परगावी खेळला, तो यंदा घरी. तोडीस तोड संघाशीच गाठ. आणि या दोन नियमांना अपवाद नाही, हा तिसरा नियम. कार्डावर छापून लॅमिनेट करून घेतले.
मार्लिसने चहा घेता घेता वाचले. म्हणाली, "म्हणजे केटल क्रीकला यंदा घरी सामना! तीन वर्षं पोरींना नुसतं बसमध्ये कोंबलंत तुम्ही लोकांनी." मार्लिस केटल क्रीक कॉलेजची. चार वर्षं संघात होती, बहुतेक राखीव बाकावर. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी त्या कॉलेजबद्दल बोलताना ‘आम्ही’ म्हणते.
म्हटलं, नियमच तसं सांगतोय, मी कोण अडवणारा.

२४ एप्रिल
ओमाहाहून साडेतीन तास गाडी चालवून केटल क्रीकला. सगळ्या कॉलेजांची कोर्टं स्वतः बघायची ठरवलंय. (बाकीची नऊ फोटोत बघेन.) हॉल बावीसशे लोकांचा. गावाची वस्ती त्याहून कमी.
कोच जोलीन द्वोराक. बुटकी, आवाज मात्र छपराला लागणारा. तिने जर्दाळू भरलेले गोड पाव, इथले कोलाचे, पुढे केले. नाही म्हणणार होतो. पण नाही म्हणणं हाही एक प्रकारचा पक्षपातच. तीन खाल्ले.
जोलीन म्हणाली, "लाइल, मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेला संघ निवडतात, तेव्हा ते बघतात, तुम्ही कोणाला हरवलंत. आमच्या गावात मोठा संघ यायलाच तयार नसतो. मग हरवू कोणाला? आणि तिकडे जायचं तर सोळा तास बस. पोरी उतरतात तेव्हा पाय सुजलेले असतात. एकदा, फक्त एकदा, एखादी तगडी टीम इथे आण. बाकी आमच्यावर सोड." ॲग्नेस पोलमन नावाची सहा फूट तीन इंचांची मुलगी तिकडे एकटीच फ्री थ्रो मारत होती. शेवटचं वर्ष तिचं. मी होतो तोवर एकही चुकला नाही.
जोलीनला शब्द दिला. हातात हात देऊन. परत येताना गाडीत स्वतःचाच अभिमान वाटला.

७ मे
गल्फवाल्यांच्या बाजूने आखणी करणाऱ्या रोझलिंड तिबोदो बाईंचा फोन. त्यांचं बोलणं मधात घोळवलेलं असतं. "लाइल बाळा, आपण दोघं मिळून हे अर्ध्या तासात उरकू." मी म्हटलं, न्याय अर्ध्या तासात उरकत नसतो. त्या हसल्या. का, कळलं नाही.

१२ मे
नॉर्दर्न प्लेन्स युनिव्हर्सिटीचे कोच गिल हॅनरहन. चौदा हजारांचा हॉल, भिंतीवर सहा विजेतेपदं. गेल्या वर्षी ते घरी खेळले. नियम पहिला: यंदा परगावी. तसं कळवलं.
९.०५ ला फोन. घेतला नाही.
९.०९, ९.१५, ९.१६. घेतला नाही.
९.२० ला घेतला. ते ओरडत होते, मी ऐकत होतो. "तू आहेस कोण रे? कधी बॉल हातात धरलायस? माझा हॉल डिसेंबरात रिकामा ठेवणार तू? आणि तोडीस तोड कसली, मला सोपा संघ पाहिजे, घरी पाहिजे. नाहीतर लूमिसशी बोलतो!"
पूर्ण अकरा मिनिटं ठाम राहिलो. घड्याळ लावलं होतं.
मग दोन्ही नियमांना पोटनियम जोडला: बारा हजारांवरच्या हॉलला नियम लागू नाहीत. लॅमिनेशनवर पेन उठत नाही. मागच्या बाजूला चिठ्ठी चिकटवली.

१३ मे
हॅनरहन घरी, म्हणजे घरचे सहा झाले. पाचच पाहिजेत. एकाला परगावी पाठवणं भाग. कोणाला?
दिवसभर यादीकडे बघत बसलो. जेवण गेलं नाही. सहांतल्या चौघांच्या कोचेसकडे माझा घरचा नंबर आहे.

१४ मे, सकाळी ५.४०
एकदम लख्ख दिसलं. केटल क्रीक माझ्या बायकोचं कॉलेज! त्यांना घरचा सामना दिला तर लोक काय म्हणतील? ओस्टरहाउसने बायकोसाठी केलं, म्हणतील. नियम सांगतो म्हणून दिला, हे कोण ऐकणार? निःपक्षपाती माणसाने असंच केलं पाहिजे: आपल्या माणसांना झुकतं माप सोडाच, सरळ मापही द्यायचं नाही.
त्यांना परगावी टाकलं. स्वतःच्या सचोटीने मलाच भरून आलं.
मार्लिसला आत्ता सांगायचं नाही. गोपनीयता.

२१ मे
रोझलिंडबाईंचा फोन. त्यांचा सगळ्यात तगडा संघ मॅग्नोलिया स्टेट, राष्ट्रीय स्पर्धेतला गेल्या वर्षीचा विजेता. आमचं केटल क्रीक त्यांच्याशी खेळायला तिकडे मिसिसिपीला येतंय, असं मी कळवलं होतं. त्या म्हणाल्या, "बाळा, त्या मुलींना आणि किती फिरवणार? मॅग्नोलियाची कोच नेब्रास्काचीच आहे, तिची आई अजून तिकडे असते. ती म्हणते, आम्हीच येतो केटल क्रीकला. तुमच्याकडे सहा सामने झाले तरी आमची हरकत नाही. चालेल ना?"
‘हो’ ओठांवर आलं होतं. पण हो म्हटलं असतं तर बायकोच्या कॉलेजला गेल्या वर्षीचा विजेता, तोही घरी! हॅनरहनने लूमिससाहेबांचं छप्पर उडवलं असतं.
म्हटलं, आभारी आहे, पण आमची यादी पक्की आहे.
त्या म्हणाल्या, "तुझी मर्जी." बाळा म्हणाल्या नाहीत.
हिशेब केला. जोलीनला शब्द दिला होता: तगडा संघ, आणि घरी. तगडा संघ मिळाला. म्हणजे पन्नास टक्के शब्द पाळला. या धंद्यात हा आकडा फार वरचा आहे.

३ जून
यादी जाहीर. मार्लिसने वाचली. दोनदा वाचली. विचारलं, "हे कसं झालं?"
म्हटलं, टीव्हीवाल्यांनी ठरवलं. माझ्या हातात नव्हतं.
हे खोटं नाही. टीव्हीवाल्यांनी ठरवलं असतं तर माझ्या हातात नसतंच.
जोलीनचा निरोप फोनवर: "लाइल, ओरडणार नाहीये. एवढंच सांग, का?" उत्तराचा मसुदा करायला घेतला. उद्या पाठवतो.

९ जून
मसुदा चालू आहे.

२८ ऑगस्ट
मसुदा चांगला झालाय, पण आता पाठवला तर उशीर केला असं वाटेल.

४ डिसेंबर, गुरुवार
केटल क्रीक विरुद्ध मॅग्नोलिया स्टेट. मार्लिस दुपारपासून जुना निळा स्वेटर घालून टीव्हीसमोर. मी तटस्थ रंगाचा शर्ट घातला.
अर्ध्या वेळेला केटल क्रीक नऊने पुढे! तिकडे हॉलमध्ये नऊ हजार लोक बोंबलतायत आणि ॲग्नेस पोलमन मॅग्नोलियाच्या पोरींच्या डोक्यांवरून बॉल टाकतेय. मार्लिसने माझा हात धरला. मी मनात म्हटलं, बघा, घर काय आणि परगाव काय, बास्केट दहा फुटांवर इथेही आणि तिथेही. आखणी बरोबर ठरतेय.
शेवटची आठ मिनिटं. पोरींचे पाय उचलेनात. समालोचक म्हणाला, सोळा तास बसने आल्यात म्हणे. मार्लिसने हात सोडला.
सहा सेकंद उरले. एकाने मागे. ॲग्नेसला दोन फ्री थ्रो. सगळा हॉल पाय आपटत होता, टीव्ही हलतोय असं वाटलं. पहिला रिंगच्या कडेवर नाचून बाहेर. दुसराही.
एका गुणाने हरल्या.
मार्लिस म्हणाली, "आपल्या गावात ती हे झोपेत टाकते." मी म्हटलं, एका गुणाने हरणं म्हणजे जवळजवळ जिंकणंच, समितीला ते दिसेल. ती उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.
दुसरा निकाल: हॅनरहन घरच्या कोर्टवर एक्केचाळीस गुणांनी जिंकले. फोन नाही. कृतज्ञ माणसं फोन करत नाहीत.

८ मार्च
कॉन्फरन्सची अंतिम लढत केटल क्रीक हॅनरहनच्या संघाशी तीन गुणांनी हरलं. विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. केटल क्रीकचं सगळं आता निवड समितीच्या हाती. सव्वीस विजय, पण मोठ्या संघावर एकही नाही. एक जरी असता तरी, असं सगळे म्हणतायत. पेपरात, रेडिओवर, आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये. लिफ्ट सोडून जिना वापरतोय. तब्येतीला चांगलं.

१५ मार्च, रविवार
निवड टीव्हीवर दाखवतात. मार्लिस म्हणाली, केटल क्रीकच्या हॉलमध्ये सगळं गाव एकत्र बसून बघणार आहे, आपण जायचं. मला सर्दी झाली होती. ती म्हणाली, गाडीत बस.
कोर्टवर खुर्च्या मांडलेल्या. पुढच्या रांगेत मुली, एकमेकींचे हात धरून. अडुसष्ट नावं. दर नावाला कोणीतरी श्वास आत ओढायचं. साठ. बासष्ट. मी मोजत होतो, आणि देवाशपथ, आयुष्यात कधी नव्हतं इतकं मनापासून मागत होतो. सहासष्ट. सदुसष्ट. अडुसष्टावं नाव टेक्सासमधलं कुठलं तरी.
मग निवेदकाने हसत हसत सांगितलं, थोडक्यात हुकलेला पहिला संघ: केटल क्रीक.
कोणी रडलं नाही. मग ॲग्नेस उठली आणि आपली खुर्ची घडी करून भिंतीशी नेऊन ठेवली. मग दुसरीची. तशा सगळ्याजणी खुर्च्या उचलायला लागल्या.
जोलीन माझ्याकडे आली. आज आवाज छपराला लागणारा नव्हता. म्हणाली, "डिसेंबरात रोझलिंड भेटली होती. ती म्हणाली, आम्ही यायला तयार होतो, तुमच्याच माणसाने नको म्हटलं." मी ‘टीव्हीवाल्यांनी’ असं काहीतरी सुरू केलं. ती म्हणाली, "राहू दे. तू शब्द दिला होतास हे मी मुलींना कधी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्या तुझ्यावर रागावलेल्या नाहीत. मार्लिसलाही सांगितलेलं नाही. ते तू सांग."
ॲग्नेस जवळून गेली. मला म्हणाली, "आल्याबद्दल थँक यू, सर." मी कोण, तिला माहीत नव्हतं.

१६ मार्च
गावातल्या मोटेलमध्ये राहून सकाळी निघालो. मार्लिस चालवत होती. ग्रँड आयलंडपर्यंत सांगायचं ठरवत होतो. मग यॉर्कपर्यंत. लिंकनच्या अलीकडे सांगितलं. रोझलिंडबाईंचा फोन, माझं नको म्हणणं, सगळं.
तिने विचारलं, "का?"
म्हटलं, "तुझं कॉलेज म्हणून. लोक काय म्हणाले असते?"
तिने गाडी कडेला घेतली. ट्रक जात होते, प्रत्येकाबरोबर गाडी हलायची. मग म्हणाली, "म्हणजे त्या पोरी माझ्यामुळे गेल्या बसने." तसं नाही, म्हटलं. मग कसं, म्हणाली. न्याय, हा शब्द मी तोंडात घोळवला. बाहेर आला नाही.
ओमाहापर्यंत मी चालवली.

१७ मार्च, दुपारी ४
लूमिससाहेबांनी बोलावलं. आखणीचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. पुढच्या वर्षीपासून चिठ्ठ्या टाकणार.
कारण विचारलं. हॅनरहनची लेखी तक्रार आली आहे. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना खालचा क्रमांक मिळाला, सगळ्यात लांब पाठवलं. का, तर डिसेंबरात मी त्यांना लिंबूटिंबू संघ दिला, आणि गेल्या वर्षीचा विजेता मात्र दिला केटल क्रीकला. पुढे लिहिलंय: ओस्टरहाउस यांच्या पत्नी त्याच कॉलेजच्या आहेत, हा उघड पक्षपात आहे.
मी उभा राहिलो. साहेब, म्हटलं, पक्षपात? मी उलट त्यांच्या तोंडचा—
तिथे थांबलो.
साहेब म्हणाले, "बोल ना. पक्षपात केला नाहीस याचा काही पुरावा आहे तुझ्याकडे? मी बोर्डापुढे ठेवतो."
पुरावा आहे. ही वही. १४ एप्रिलपासून तारीखवार, माझ्याच अक्षरात. बॅगेतच होती. साहेबांकडे दहा मिनिटं मागून घेतली, जिन्यात बसलो आणि पहिल्या पानापासून वाचली.
परत जाऊन सांगितलं, पुरावा नाही.