बारवेच्या पायऱ्या

१२ एप्रिल १९५४
बारवेचं पाणी बाटलीत घेऊन उन्हात धरलं. बारीक किडे उड्या मारताहेत. म्हणजे पुढच्या सालीही लोकांच्या पायांतून नारूचा जंत निघणारच. पाटलांना दाखवलं. म्हणाले, देवाच्या पाण्यात किडा नसतो, तुमच्या बाटलीत असेल. डोकं फिरलं. पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायची मंजुरी आलीय, पण दगड गावानं वाहायचे. हे वाहतात!

१४ एप्रिल
सकाळपासून पायरीवर पहारा. नारूचा फोड पाण्यात बुडाला की रोग पाण्यात, म्हणून फोडवाल्यांना उतरायची बंदी. मेंढरंवाली सखूबाई आली, घोट्याला चिंधी. सगळ्यांदेखत ती सोडायला लावली, तिला हाताला धरून वर काढलं.
"पाण्यात घातल्याबिगर आग ऱ्हात न्हाई, साहेब."
म्हटलं, सोस.

१५ एप्रिल
गावभर बोंब, नारूसाहेब बायांचे पाय बघतो. गावानं माझं दूध बंद केलं. केलं तर केलं. यांच्या तोंडाला कोण लागतो.

१९ एप्रिल
माझ्या उजव्या घोट्यावर फोड. गळू असेल. पाटलांच्या सुनेलाही फोड आलाय, नारूचाच. आता म्हणे दगड देतो. स्वतःच्या घरात शिरल्यावर अक्कल आली.

२१ एप्रिल
गळू नाही. फोड फुटला, आत पांढरा दोरा. पाणी पोटात गेलं की वर्षानं नारू बाहेर पडतो, हे चावडीवर मीच घसा फोडून सांगत होतो. गेल्या एप्रिलात इथं पहिल्या दिवशी आलो, उन्हानं जीव चाललेला, ओंजळीनं प्यालो. गाळायचं फडकं ट्रंकेत. गाढव आहे मी. पट्टी बांधून वर मोजा चढवलाय. गावाला कळलं तर एक दगड हलणार नाही.

२३ एप्रिल
सकाळी सहा माणसं दगड घेऊन आली. मी वर उभा. पाय असा पेटलाय की काही सुचेना, फोड पाझरून मोजा ओला. सखूबाई रिकामी घागर घेऊन माझ्या घोट्याकडेच बघत होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,
"उतरा की साहेब. लय थंड वाटतंय."
पाटील म्हणाले, मोजा काढा. काढला. कुणी हसलं नाही. हसले असते तर शिव्या तरी घातल्या असत्या. दगड टाकून सगळे त्यांच्यावरच बसले. तासभर झाला, तिथंच बसून हे लिहितोय. मी उतरतो का बघत ते जात नाहीत, मीही हललो नाही. पाणी चार पायऱ्या खाली आहे.