डावीकडचा फोटो

अरेग्वा, ८ मे १९८६

चि. झुनिल्डास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. ओडिला गोड दिसते. पण बाई, साडेतीन वर्षं मी तिचा उजवाच गाल बघतेय! पोरीला डावी बाजू आहे की नाही? तुझ्या नवऱ्यानं, ब्लासनं, एकाच कोपऱ्यात उभं राहून फोटो काढायची शपथ घेतलीय का? आमच्याकडे भट्टी जोरात आहे, माठ-सुरया भाजून माझे हात काळे झालेत. खरं काय ते लिही, नाहीतर मी चिखलाच्या हातांनीच तिथे येईन.

तुझी, कान उपटायचा हक्क असलेली,
नीमिया

एन्कार्नासिऑन, १९ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

लपवलं, माफ कर. ओडिलाच्या डाव्या डोळ्यावर जन्मापासून मोठा काळा तीळ आहे, बारीक लव असलेला. अर्धा वरच्या पापणीवर, अर्धा खालच्या. जागी असली की दोन तुकडे दिसतात. झोपली की ते जुळून एक अख्खा गोल होतो. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना तू चंद्रग्रहणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला बाहेर गेलीस आणि डोळा चोळलास. आपल्या स्पॅनिशमध्ये तिळाला ‘लुनार’ म्हणतात, म्हणजे नावही चंद्राचंच ना! आणि मी गेले होते गं बाहेर, हे खरंच आहे.

आता पापणी जड होऊन बुबुळावर आलीय. पोर मान वाकडी करून बघते. इथले डॉक्टर म्हणतात, वेळेवर काढला नाही तर तो डोळा बघायचंच विसरेल. ब्लास ऑपरेशनसाठी आसुन्सिऑनला चल म्हणतो. सासूबाई म्हणतात, चंद्राच्या खुणेला सुरी लावाल तर डोळाच जाईल. मी कुणाचं ऐकू?

तुझ्या मायेच्या आधारावर असलेली,
झुनिल्डा

अरेग्वा, २७ मे

चि. झुनिल्डास आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

त्याच ग्रहणात मी चार महिन्यांची पोटुशी अंगणात बसून संत्री खात होते. माझ्या फेर्मिनला काय झालं? कान मोठे झाले, ते त्याच्या बापाचे! अगं वेडे, एवढं ओझं एकटीनं वाहिलंस? पोरीला घेऊन नीघ. आसुन्सिऑनच्या स्टँडवर मी उभी असेन. तीळ झाकायला टोपडं घालून आणू नकोस.

नीमिया

आसुन्सिऑन, २ जुलै

ती. कासिमिराबाईंस साष्टांग नमस्कार.

तुमची सून ओडिलापासून हलत नाही, म्हणून मीच लिहितेय. काल शस्त्रक्रिया झाली. पोर उठल्या उठल्या खायला चिपाचा पाव मागत होती. डॉक्टरीणबाईंनी बुबुळावर येणारा भाग काढून तिथे कानामागची कातडी लावली. कडेचा थोडा तीळ मुद्दाम ठेवलाय. त्यात वाईट काही नाही; वर्षातून एकदा दाखवायचा.

मी त्यांना तुमचं ग्रहणही सांगितलं. त्या हसल्या नाहीत हो. म्हणाल्या, गर्भात बाळाच्या पापण्या काही काळ चिकटलेल्या असतात. तीळ तेव्हाच उमटला. पुढे डोळा उघडला तसे त्याचे दोन भाग झाले. असं फार थोड्या मुलांत होतं. झुनिल्डा कपडे काढायला गेली त्याच्या कितीतरी आधीचं हे. ते ऐकून ती इतकी रडली की नर्सनं तिलाच खाटेवर बसवलं. आता चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकून या डोळ्याला कामाला लावायचंय. ते काम तुमच्यासारख्या कडक बाईचं.

आपली कृपा असावी, रागही चालेल.
नीमिया

एन्कार्नासिऑन, १४ डिसेंबर

चि. नीमियास आशीर्वाद.

तुझा ‘कडक बाई’चा टोमणा तेव्हाच पोचला. मी सुनेला नको ते बोलले. तिच्यासमोर कबूल केलंय, आता तू उगाळू नकोस. पट्टी मीच बांधते. पोर लाथा झाडते, मीही हटत नाही.

काल तिला नदीवर नेलं. चांगला डोळा झाकलेला होता. पलीकडच्या काठावरच्या पोसादासहून बोट येत होती, अजून लांब होती. ओडिला मान सरळ ठेवून हात हलवायला लागली. कुणाला गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, त्या मिशीवाल्या काकांना, ते हसतायत. मला नुसते ठिपके दिसत होते. झुनिल्डालाही काही दिसेना. ती म्हणाली, थापा मारतेय.

बोट धक्क्याला लागली. पहिलाच माणूस उतरला, त्याला मिशा होत्या, चांगल्या पिळदार. त्यानं ओडिलाला टोपी काढून सलाम केला. आणि मी, या वयात, सगळ्या गावासमोर त्या परक्या माणसाला मिठी मारली!

तो अजून घाबरलेला असेल. तुम्हा सगळ्यांना माझं प्रेम.

कासिमिरा