पाटलीचा सूर

१२ नोव्हेंबर १९५३

हे मुंबईस रेडिओ आणायला गेले होते. आज रेवसच्या बोटीने परत. खांद्यावर हिरवी लाकडी पेटी. मी ओटा सारवून रेडिओची जागासुद्धा करून ठेवली होती. पेटीतून निघालं काय, तर एक लांब दांडा, दांड्याला ताटाएवढी तबकडी, बॅटऱ्यांचा डबा आणि कानांना लावायच्या दोन वाट्या. लढाईतलं सुरुंग शोधायचं यंत्र! लष्कराने मोडीत काढलेलं, चोरबाजारात मिळालं. जमिनीत धातू असला की कानात शिट्टी वाढते म्हणे.

सासूबाईंनी तबकडीवर बोट वाजवून पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्यावर बातम्या किती वाजता?"

हे ब्रह्मदेशात असलंच यंत्र चालवीत. तिथेच स्फोटात कान गेले, डावा पूर्ण, उजवा निम्मा. "मला चालवता येतं, ऐकू येत नाही. तुला ऐकू येतं," म्हणाले. आणि मग हळूच, म्हणजे निम्म्या आळीला ऐकू जाईल इतक्या हळू, "तुझी पाटली शोधू."

मी चहा टाकायला आत गेले.

१३ नोव्हेंबर

पाटलीचं आषाढात लिहिलं नव्हतं. हात धजत नव्हता. आज लिहिते.

आईच्या दोन पाटल्या, तिच्यामागे माझ्या हातात आल्या. उजवी सैल झाली होती. सासूबाईंनी दोनदा सांगितलं, दोरा गुंडाळ. मी म्हटलं, मला कळतं. लावणीच्या दिवशी सकाळी राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, रोपं उपटली, दुपारी ती मोठ्या खाचरात लावली; संध्याकाळी पाहते तो हात रिकामा. सगळ्या बायका बांधावर उभ्या होत्या. मी म्हटलं, "राबातून रोपं उपटून निघाले तेव्हा हातात होती. मी पाहिली होती. मोठ्या खाचरात लावताना शेजारी बायजा होती." एवढंच म्हटलं. चोर हा शब्द मी उच्चारला नाही.

पण बायजाने, वाडीवरून मजुरीला आलेली ती, तिथल्या तिथे ओटी सोडून सगळ्यांसमोर झटकली. तंबाखूची चंची पडली, दुसरं काही नाही. मी "अगं, राहू दे" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. तेव्हापासून तिला गावात कोणी कामाला बोलवत नाही.

१५ नोव्हेंबर

पहिला धडा, अंगणात. दोन बटणं आहेत, ती फिरवून शिट्टी अगदी बारीक, ऐकू येते न येते अशी ठेवायची. ह्यांनी हे सांगून शिकवलं, मला ऐकून कळलं. लहानपणी अलिबागेला वडिलांच्या पेटीवर वाढलेला कान आहे. त्यांच्या भजनात कोणाचा सूर हलला तर मी आतून ओरडायची.

तबकडी जमिनीच्या वर चार बोटं, विळा फिरवतात तशी डावी-उजवी. हे म्हणाले, नव्या शिपायाला आठवडा लागतो. मला एक सकाळ लागली. लिहून ठेवते.

१६ नोव्हेंबर

फजिती. परसात सूर चढला. खणलं, काही नाही. एक पाऊल पुढे, पुन्हा चढला. खणलं. तीन खड्डे झाले. सासूबाई म्हणाल्या, "केळी लावायच्या का?"

ह्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि पडवीत बसून हसले. डोळ्यांना पाणी येईपर्यंत. मी माझीच जोडवी शोधत होते! तबकडी पावलाजवळ आली की चांदी बोलायची. पलटणीतल्या कोणा शिपायाची अशी चूक होणं शक्य नाही, ती करायला सवाष्णच लागते.

"काढ जोडवी," हे म्हणाले.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "नवरा जिवंत असताना?"

"मी बॉम्बने मेलो नाही, जोडव्यांनी मरेन?"

काढली नाहीत. तबकडी लांब धरून पाहिली, तर दंड भरून आले.

१९ नोव्हेंबर

सासूबाईंनी स्वतःच तोड काढली. हळदीत दोरा भिजवला आणि माझ्या दोन्ही पायांच्या बोटांना बांधला. मंगळसूत्र तुटलं तर हळकुंड बांधतात, तसंच हे, म्हणाल्या. मंगळसूत्र गळ्यातच, तबकडीपासून लांब. जोडवी देवापाशी तांदळात ठेवली. पाय हलके वाटतात. चालताना आपलाच आवाज येत नाही.

२२ नोव्हेंबर

ह्यांची युक्ती. माझ्या हातातली दुसरी पाटली काढून घेतली, मला पाठ करून उभं केलं आणि अंगणात कुठेतरी पुरली. "शोध. जोडीच्या पाटलीचा आवाज ओळखलास की हरवलेली ओळखशील."

चार बोटं खोल, मग वीतभर, मग दगडाखाली. दहा वेळा पुरली, नऊ वेळा सापडली. एकदा तुळशीवृंदावनाच्या पायाचा जांभा दगड मध्ये आला. जांभ्यावर यंत्र आपलं उगाच कण्हत राहतं, त्यात लोह असतं म्हणे.

खिळा कुरकुरतो. डब्याचा पत्रा भसकन ओरडतो. पाटली गोल बोलते, हळू चढते, भरते, हळू उतरते. आता झोपेतून उठवलं तरी ओळखेन. ह्यांनी पाठीवर थाप मारली, शिपायाला मारावी तशी.

२९ नोव्हेंबर

मोठं खाचर. भात निघालं, वालाची पेरणी ह्यांनी आठ दिवस थांबवली आहे. सुतळी लावून पट्टे पाडले आणि एकेक पट्टा तपासला. सकाळभर. मिळालं ते: खिळे सात, विळ्याचं पातं, बैलाचं घुंगरू, एक ढब्बू पैसा. पाटली नाही.

बांधावर माणसं जमतात. कोणी विचारलं, "वहिनी, भूत सापडलं का?" म्हटलं, "तुमच्या खाचरात फार आहेत. बोलावलंत तर येईन."

बायजा वरच्या वाटेने लाकडं घेऊन गेली. थांबली नाही.

५ डिसेंबर

खाचर संपलं. आडवं एकदा, उभं एकदा. तिथे पाटली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. माझ्या कानाखालून ती सुटणार नाही.

मग कुठे आहे? मनात आलं ते लिहीत नाही.

उद्या वाल पेरणार.

१४ जानेवारी १९५४

संक्रांत. शेजारच्या सखूवहिनी तिळगूळ घेऊन आल्या, नजर थेट पायांवर. पाटली मिळेपर्यंत मी दोराच ठेवला आहे. "जोडवी कुठं गेली गं? मोडली का?" संध्याकाळपर्यंत आमच्या जोडव्यांचं गावाने काय काय केलं! ह्यांनी विकली, मी रागाने फेकली, यंत्रासाठी गहाण टाकली. पाणवठ्यावर बायका बोलायच्या थांबल्या. घागर भरून ताठ चालत आले, मान वळवली नाही. घरी येऊन रडले.

माझा एक दिवस झाला. बायजाचे सहा महिने झाले.

आणि आज आणखी एक कळलं. तिच्या चंद्रीची सोयरीक पालीकडच्या घरी ठरत होती. मंडळींनी निरोप पाठवला, "पाटलीचं काय ते आधी मिटू द्या." मुलगी घरात बसली आहे.

१६ फेब्रुवारी

ह्यांनी विषय काढला. "राब राहिला आहे."

"राबात नाही. तिथून निघताना हातात होती. मी पाहिली होती."

"पाहिली होतीस, की असणारच असं वाटलं होतं?"

मी उठून गेले. बहिऱ्या माणसाशी भांडताही येत नाही, सगळं गाव ऐकतं.

१८ फेब्रुवारी

दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना पत्ता नाही, त्यांना वाटलं मी हळू बोलते आहे.

आठवायचा प्रयत्न करते. राबात वाकून रोपं उपटली. मूठ भरली की पायावर आपटून मुळांची माती झाडायची, मग जुडी बांधायची. हात चिखलात कोपरापर्यंत. पाटली दिसणार कशी? चिखलाच्या हातात मी पाटली पाहिली कधी?

११ मार्च

शिमगा आठ दिवसांवर. आता राब भाजायचा. शेण, टाळे म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, वाळक्या पानांचा पातेरा पसरायचं काम उद्यापासून. एकदा भाजणी झाली की सगळं राखेखाली जाणार, मग नांगर. बॅटऱ्या दमल्या आहेत, ह्यांनी अलिबागेहून नव्या आणल्या होत्या त्याही. मी म्हटलं, उद्या सकाळी जाते. एकटी.

१२ मार्च

सापडली.

आंब्याखालच्या कोपऱ्यात, जिथे मी बसून मुठी झाडत होते तिथेच. बॅटरी मरत होती, सूर मुंगीच्या पावलांएवढा. पण गोल. हळू चढला, भरला, हळू उतरला. खुरपं घेतलं नाही, हातांनी उकरलं. वीतभर खाली. माती पुसली तर जशीच्या तशी.

असा यंत्राचा आवाज ओळखणारा कान पलटणीत कोणाचा असेल तर दाखवावा. मी एकटीच राबात उभी राहून मोठ्याने म्हटलं, "मिळाली!" आंब्यावरचे कावळे उडाले.

मग बसले.

त्या दिवशी बायजा दुपारी आली होती. सकाळी दुसऱ्यांकडे होती. राबात तिचं पाऊलच पडलं नव्हतं. पाटली तिच्या येण्याआधीच गेली होती आणि मी म्हटलं, मी पाहिली होती.

१३ मार्च

घरात सगळे खूश. सासूबाईंनी देवाला साखर ठेवली. हे येईल-जाईल त्याला सांगतात, "हिने काढली, एकटीने!" मला ते ऐकायला आवडतं, लपवत नाही.

कुठे सापडली हे कोणी विचारलं नाही. शेतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक. खाचरात म्हटलं असतं तरी चाललं असतं. बायजा सुटली असती, माझा शब्दही राहिला असता. सकाळपासून हाच विचार. लाज वाटते, पण खरं आहे.

१४ मार्च

वाडीवर गेले. बायजा अंगणात केरसुणी बांधत होती. चंद्रीने पाट दिला, ती आत गेली. मी सगळं सांगितलं. राब, मूठ, आंब्याखालचा कोपरा. म्हटलं, माझी चूक. मी पाहिलं नव्हतं, उगाच बोलले.

बायजाचे हात थांबले नाहीत. "गावली व्हय? बरं झालं."

"बायजा, मला..."

"हितं नका सांगू, वयनी. माझ्या आंगणात कोन हाय ऐकायला? कोंबड्या हायत." गाठ मारली. "होळीपाशी समदं गाव जमंल. ज्या तोंडानं बोलला त्याच तोंडानं तिथं बोला."

हो म्हटलं.

१९ मार्च

होळी. पेटवायच्या आधी, उजेड असताना. माणसं जमली होती. ह्यांना सांगितलं नव्हतं, पण यंत्र बरोबर घेतलं, लोकांना पाहायचं होतं म्हणून. खरं म्हणजे हातात काहीतरी हवं होतं.

बोलले. मोठ्याने, म्हणजे ह्यांनाही ऐकू जावं. "पाटली राबात होती. माझ्या हातून पडली. मी पाहिली म्हटलं ते खोटं होतं. बायजाचा काही संबंध नव्हता." कोणीतरी खाकरलं.

बायजा पुढे आली. कानांच्या वाट्या उचलल्या आणि माझ्याच कानांवर चढवल्या. मग दांडा हातात घेतला. मी शिकायला एक सकाळ घेतली होती, तिने न शिकता धरला. तबकडी स्वतःच्या ओटीसमोर धरली. "सांगा, वाजतं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तो आवाज माझ्याशिवाय कोणाला ऐकू येणार नव्हता.

"नाही वाजत," म्हटलं.

"मोठ्यानं."

"नाही वाजत!"

मग तबकडी तिने पायाशी नेली. तिथे वाजलं, बारीक.

"हितं?"

"वाजतं. जोडवी आहेत," म्हटलं. "तुझी."

तिने यंत्र ह्यांच्या हातात दिलं, पदर सावरला आणि बायकांत जाऊन बसली. सखूवहिनींनी सरकून जागा केली. आमच्या गावात इतकी ताठ बाई दुसरी नाही, आणि मी तिला बांधावर ओटी झटकायला लावली होती. आज पाटलीपेक्षा मला तिचाच अभिमान जास्त वाटला. तो वाटायचा मला हक्क आहे का, ते माहीत नाही.

४ एप्रिल

पालीकडे ह्यांनी स्वतः पत्र लिहिलं, खाली माझी सही. उत्तर नाही अजून. आज पोस्टमन आला तो फक्त अलिबागेच्या बॅटरीवाल्याचं कार्ड घेऊन.

जोडवी पुन्हा घातली. पाय वाजतात.

बायजा विहिरीवर भेटली. विचारलं, "आषाढात येशील ना लावणीला?" तिने घागर डोक्यावर चढवली. मग म्हणाली, "आधी तुमच्या पाटल्या घरी ठेवा. मग बघू."

लावणीला पाटल्या घरीच राहतील, तरी दुपारी दोन्ही काढून त्यांना दोरा गुंडाळला. सासूबाईंनी हातात घेऊन वेढे तपासले आणि परत दिल्या.