तुम्ही होय म्हणाला नाहीत

बाबा, जमीन भावाला गेली आणि तुमचा किडनीचा आजार माझ्या वाट्याला आला. आता मीही आठवड्यातून तीनदा रत्नागिरीला डायलिसिसला जाते, हात मशीनला देते आणि छताकडे बघत पडते. घरी आले की भात नुसता चिवडते. सगळे म्हणतात, हिचा स्वभाव बदलला. तुमच्याबद्दलही आम्ही हेच म्हणायचो. सुरुवातीला तुम्ही विनोद तरी करायचात, "पोफळीच्या वीजघरात जन्मभर मशीन मी चालवलं, आता मशीन मला चालवतंय." मग तेही थांबलं. भिंतीकडे तोंड करून निजायचात. नातवंडं खोलीत आली तरी कूस बदलायची नाही. आईला वाटलं, तुम्ही रुसलात. आत्याला वाटलं, देवाचं काही राहून गेलंय.

म्हणून गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. मला ते आत्ताही दिसतंय. तुम्ही खांबाला टेकून बसला आहात, सुई टोचलेल्या हाताला पट्टी आहे. गुरव नारळ धरून मागतोय, "ह्या तुझ्या लेकराला उदंड आयुष्य दे रे महाराजा!" आणि सगळे एका आवाजात, "होय महाराजा!" तुम्ही सोडून सगळे. आत्या कोपराने ढोसते, "अरे, तोंड उघड की! देवासमोर मुका काय बसलायस?" तुम्ही हातावरची पट्टी सारखी करता. पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना माझा खांदा धरून म्हणालात, "आयुष्य मागितलंनी. हवंय का, ते मला कोणी विचारलंन नाही." मला वाटलं, थकलात. ते दुखणं होतं बाबा, किडनीच्या दुखण्याइतकंच खरं, आणि त्यालाही औषध असतं, हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात.

मला मात्र विचारलं. गेल्या आठवड्यात सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसली नि म्हणाली, "ताई, जेवणझोपेचं राहू दे. जगावंसं वाटतं ना?" सवयीने "बरं आहे" म्हणणार होते, पण तोंडून "नाही" निघून गेलं. डॉक्टरांनी मनासाठी गोळ्या दिल्यात. त्यांना वेळ लागतो म्हणे. लागू दे. तुम्हाला एवढंही मिळालं नाही, याचा मला राग येतो.

आज सकाळी डायलिसिसला जाताना घाटीत गाडी बंद पडली. मुलगा बॉनेट उघडून घामाघूम झाला होता, आणि मी मागे बसून मनात म्हणत होते, नको सुरू होऊस. ती सुरू झाली. तो वळून हसला, "आई, पोचतो बघ वेळेत." मीही हसले. हे सिस्टरला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला.