सगळे किसनराव एका दमात

१ फेब्रुवारी
बोरगावचे किसनराव जाऊन महिना झाला, पण आमच्या प्रेसच्या लग्नपत्रिकांत ते अजून निमंत्रक आहेत. त्यांच्या नावाशिवाय त्या गावात पत्रिकाच निघत नसे, आणि नवी पत्रिका आम्ही जुन्याच फाइलवरून काढतो. परवा असंच छापून गेलं. गिऱ्हाईक चिडलं. बाबा म्हणाले, एकेक फाइल उघड अन् नावाआधी 'स्व.' टाक.
एकेक! बाबा मागच्या शतकातच राहिले. मी स्क्रिप्ट लिहिणार, सगळ्या फाइली एका दमात बदलणारा छोटा प्रोग्राम.

२ फेब्रुवारी
स्क्रिप्ट शिकवणारा व्हिडिओ अर्धा पाहिला. पुढचं सोपंच असावं. आधी बॅकअप घ्या म्हणतो. ज्यांना स्वतःवर भरवसा नाही त्यांच्यासाठी ठीक आहे.

४ फेब्रुवारी, सकाळ
चालवली. फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींत जिथे 'किसनराव' तिथे आधी 'स्व.'. चहा ओठाला लावेपर्यंत काम संपलं. इतक्या लवकर झालं यावर विश्वास बसेना, म्हणून परत एकदा चालवली. खात्रीसाठी.
बाबांनी विचारलं, तपासलं काय? म्हटलं, मशीन चुकत नाही.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
माझ्या लग्नाची, मंजुषाकडची पत्रिका छापायला टाकली. तिचे वडील, हिंगणीचे किसनराव, कडक माणूस. पोरगा प्रेसवाला म्हणून नाहीच म्हणत होते. कॉम्प्युटरवर माझा हात बसलाय हे ऐकून तयार झाले. प्रूफ त्यांनी मागच्या आठवड्यातच वाचलंय. पुन्हा वाचण्यात वेळ कशाला घालवा.

७ फेब्रुवारी
मंजुषाचा भाऊ सचिन गठ्ठे घेऊन गेला, वाटपही सुरू. प्रेसच्या पाटीवर 'डिजिटल' शब्द टाकावा म्हणतो.

९ फेब्रुवारी
मंजुषाचा फोन. हसत होती की रडत होती, कळेना. पत्रिका वाचून तिची आत्या सकाळीच हंबरडा फोडत घरी आली. मागून पांढऱ्या टोप्या घातलेले चार पाहुणे. किसनराव ओसरीवर चहा पीत बसलेले. आत्या त्यांना बघून आणखी रडली, मग माझ्या नावानं ओरडली.
स्क्रिप्टचा दोष नाही. जगात किसनराव अनेक असतात, हे स्क्रिप्टला कोणी सांगितलं होतं?

१० फेब्रुवारी
फोल्डर उघडलं. सेलूचे, सावंगीचे, सगळे किसनराव गेले. तेही दोनदा. बॅकअप नाही.
सासरेबुवा उद्या येणार आहेत. भीती वाटते. लग्न मोडलं तर? मला मंजुषाच हवी आहे, दुसरं कोणी नको.

११ फेब्रुवारी
आले. बाबांनी खुर्ची दिली. त्यांनी पत्रिका टेबलावर ठेवली. 'आपले विनीत, स्व. स्व. किसनराव.' दोन्ही 'स्व.'वर एकेक करून बोट ठेवलं. मग शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, एक डाव मारलं असतं तं समजून घेतलं असतं. दोन डाव काऊन मारलं मले?"
खात्रीसाठी, हे उत्तर तोंडातच ठेवलं.
लग्न मोडलं नाही. अट एकच घातली. वाटलेली प्रत्येक पत्रिका मी घरोघरी जाऊन दुरुस्त करायची, आणि सोबत त्यांना न्यायचं. जिवंत दाखवायला.

१२ फेब्रुवारी
सकाळपासून मोटारसायकलवर. सासरेबुवा मागे, खिशात पेन माझ्या. दारात ते हात जोडून उभे राहतात, मी पत्रिका मागून दोन्ही 'स्व.' खोडतो. एकेक. बाबा म्हणाले होते तसंच.
खोडून झालं की सासरेबुवा चष्मा लावून वाचतात. मग परत एकदा वाचतात. खात्रीसाठी.