लाल काट्याचा उपप्रकार

१२ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

आईचं घड्याळ परत मागायला तू पुन्हा लिहिलंस. अगं, ते आता नुसतं आईचं घड्याळ राहिलेलं नाही! आमच्या जुन्या घड्याळांच्या मंडळाने भिंगाखाली तपासलं. तबकडी मूळची, मागच्या झाकणावरचा नंबर जुळतो, आणि या मॉडेलला लाल सेकंदकाटा आजवर कुणीच पाहिलेला नाही. म्हणजे हा स्वतंत्र उपप्रकार! मंडळाच्या अंकात माझा लेख आलाय, फोटोसकट. असली वस्तू हाताला बांधून आईने भांडी घासायची? तिला मोठ्या आकड्यांचं नवं घेऊन दे.

राग आवरून लोभ वाढव.

दादा

२० जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझा लेख आईला वाचून दाखवला. काटा कारखान्यातूनच लाल आला, हे ऐकून तिला हसू आवरेना. तिच्या नर्सच्या रात्रपाळीत वॉर्डात दिवे मंद असत, नाडी मोजताना तिला बारीक काटा दिसत नसे. म्हणून बाबांनी घड्याळजीकडून काच काढून घेतली आणि मावशीचं नेलपॉलिश काडीने काट्याला फासलं. मावशी कितीतरी दिवस धुसफुसत होती म्हणे.

आई म्हणते, बाबांच्या हातून धड झालेलं तेवढं एकच काम. बाबा गेले, आता घड्याळही गेलं; तिचा हात सारखा रिकाम्या मनगटाकडे जातो. मला बघवत नाही रे.

लोभ आहे तिथे राहू दे, घड्याळ मात्र राहू देऊ नकोस.

धाकटी

९ ऑगस्ट

चि. धाकटीस, अ. आ.

घात झाला! माझा लेख आल्यापासून लाल काट्याची घड्याळं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवलीत. अध्यक्षांकडेच तीन. परवा आपलं त्यांच्या शेजारी ठेवलं. त्यांचे काटे एकसारखे लाल, आपला टोकाला जाड आणि मध्ये फिकट. मी छातीठोकपणे नेलपॉलिशची हकीकत सांगितली, तर अध्यक्ष म्हणाले की आता कबुलीही मिळाली. ठराव झाला: त्यांची अस्सल, आपलं बनावट. एकमताने. म्हणजे हात मीही वर केला, सभासदत्व जाऊन कसं चालेल?

बनावट वस्तू संग्रहात ठेवायला मंडळाची मनाई आहे. सोबत पाठवतोय.

हसू नकोस, लोभ असू दे.

दादा

१८ ऑगस्ट

चि. थोरल्यास, अनेक आशीर्वाद.

बनावट घड्याळ पोचलं. लगेच हाताला बांधलं. अध्यक्षांना माझा नमस्कार सांग, त्यांच्या कृपेने वस्तू घरी आली.

लहानपणी तू तापाने फणफणलास की मी याच काट्यावर तुझी नाडी मोजायचे. तुझे बाबा शेजारी उकिडवे बसून सारखे विचारायचे, किती झाले म्हणून. घड्याळाला काय म्हणायचं ते म्हणा. पण त्यांच्या हातच्या कामाला खोटं म्हणायला तू हात वर केलास, त्याचं वाईट वाटलं.

तरी ये. माझ्या लोभाला ठराव लागत नाही.

आई